अस्सल आणि बनावट : संस्थानी टपाल तिकिटांची पारख



इतिहासाच्या व्याख्यानात टपालाच्या तिकिटाला स्थान असावे काय, असा प्रश्न आपल्यापैकी काहींच्या मनात आला असेल. लढाया, तह, किल्ले आणि राजवंश हे इतिहासाचे विषय. अंगठ्याच्या नखाएवढा डिंक लावलेला कागद हा शाळकरी मुलांच्या वहीचा विषय, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती समजूत बदलावी अशी माझी इच्छा आहे. तिकीट ही एक लहानशी सनद आहे. तिच्यावर राज्याचे नाव असते, रकमेचा आकडा असतो, पत्र पोचविण्याचे वचन असते, आणि ते वचन पाळल्याची खूण म्हणून वर टपालाचा शिक्का बसतो. जी गोष्ट सनदेची, तीच तिकिटाची: मोल आले की नक्कल आली, आणि नक्कल आली की पारख करणे भाग पडले.

हा विषय जव्हारात मांडताना एक खुलासा आरंभीच केला पाहिजे. जव्हार हे मुकणे घराण्याचे जुने संस्थान. १९४८ साली ते मुंबई प्रांतात विलीन झाले, ठाणे जिल्ह्याचा भाग बनले, आणि २०१४ पासून आपण पालघर जिल्ह्यात आहोत. या संस्थानाची स्वतःची कोर्ट फी व महसुली तिकिटे होती. टपालाचे तिकीट मात्र जव्हारने काढले नाही. येथील पत्रे ब्रिटिश हिंदुस्थानच्या तिकिटांवरच जात. तेव्हा 'जव्हार संस्थानचे दुर्मिळ टपाल तिकीट' म्हणून कोणी काही दाखवू लागले, तर ते बहुधा अर्जावरचे कोर्ट फी तिकीट असते. त्यावर टपालाच्या शिक्क्याऐवजी कारकुनाची शाईची रेघ किंवा रद्द केल्याचे भोक आढळते. वस्तू खरी, पण तिचे सांगितलेले नाव खोटे, हा फसवणुकीचा सर्वांत सोपा प्रकार होय. पारखीचा पहिला धडा असा आपल्या घरीच मिळतो.

आता थोडा मागचा इतिहास. पेशवाईत पत्र नेण्याचे काम जासूद व काशीद करीत. ती सोय राजकारणाची आणि सावकारीची. सामान्य माणसाला तिचा उपयोग थोडा. कंपनी सरकारने टपाल सर्वांना खुले केले, पण दर अंतरावर ठेवला. १८३७ च्या कायद्याप्रमाणे एक तोळा वजनाचे पत्र मुंबईहून कलकत्त्यास धाडावयाचे तर एक रुपया पडे. त्या काळच्या मजुराने एवढ्या पैशात पत्र लिहिण्याची कल्पनाही केली नसती. इंग्लंडात १८४० साली रोलंड हिलच्या योजनेने एक पेनीचे काळे तिकीट निघाले. अंतर कितीही असो, दर एकच, आणि तो पाठविणाऱ्याने आधी भरावयाचा, ही त्यातील मुख्य कल्पना. आपल्याकडे ती प्रथम सिंधमध्ये आली. सिंध तेव्हा मुंबई इलाख्यात होता आणि तेथील कमिशनर बार्टल फ्रिअर हे होते. हेच फ्रिअरसाहेब पुढे १८६२ पासून १८६७ पर्यंत मुंबईचे गव्हर्नर होते. १ जुलै १८५२ रोजी त्यांनी 'सिंध डाक' नावाचे अर्ध्या आण्याचे गोल तिकीट सुरू केले. पुढे १८५४ च्या कायद्याने सबंध हिंदुस्थानासाठी तिकिटे आली, आणि त्या वर्षीच्या १ ऑक्टोबरपासून पाव तोळ्याचे पत्र अर्ध्या आण्यात देशाच्या कोणत्याही टोकाला जाऊ लागले. ही निळी तिकिटे कलकत्त्याच्या सर्व्हे कचेरीत शिळाछापावर छापली होती.

संस्थानिकांनी ही नवलाई पाहिली. काहींनी स्वतःची टपालव्यवस्था ठेवली आणि स्वतःची तिकिटे काढली. ती फक्त संस्थानाच्या हद्दीत चालत. धार आणि इंदूर या मराठी संस्थानांनी अशी तिकिटे काढली. दुसरा प्रकार करारी संस्थानांचा. त्यांनी हिंदुस्थान सरकारशी करार करून इंग्रजी तिकिटांवरच आपले नाव छापून घेतले, आणि ती तिकिटे संस्थानाबाहेर ब्रिटिश हिंदुस्थानातही चालू लागली. ग्वाल्हेरचे शिंदे सरकार १८८५ साली या मार्गाने गेले. आपल्या दक्षिणेस पोर्तुगीजांच्या अमलाखालील गोवा होता. त्याने १८७१ सालीच तिकिटे काढली. धार, इंदूर, ग्वाल्हेर आणि गोवा ही आजच्या व्याख्यानाची चार उदाहरणे. चारही ठिकाणी मराठी माणूस पत्रे लिहीत होता, आणि चारही ठिकाणच्या तिकिटांच्या नकला बाजारात आल्या.

नक्कल कोणाला फसविण्यासाठी केली, हे आधी विचारावे लागते, कारण त्यावर नकलेचे रूप अवलंबून असते. पहिला प्रकार सरकारला फसविण्याचा. याचे नामांकित उदाहरण लंडनचे आहे. १८७२ साली तेथील शेअर बाजारातील तारघरात तारेच्या फॉर्मवर एक शिलिंगची हिरवी तिकिटे लावली जात होती. ती तिकिटे रद्द झाली, फॉर्म दप्तरात गेले, आणि कोणाला काही कळले नाही. सव्वीस वर्षांनी, १८९८ साली, ते रद्दी कागद बाजारात आले तेव्हा चार्ल्स निसेन नावाच्या जाणकाराच्या लक्षात आले की यांतील कित्येक तिकिटे बनावट आहेत. कशावरून? एक तर कागदात जलचिन्ह नव्हते. दुसरे कारण याहून मजेचे आहे. त्या काळच्या इंग्रजी तिकिटांच्या चार कोपऱ्यांत अक्षरे असत, आणि ती अक्षरे म्हणजे तिकिटाचा पत्ताच असे: पूर्ण ताव्यातील कितवी ओळ आणि ओळीतील कितवे घर. ताव्यात वीस ओळी आणि प्रत्येक ओळीत बारा घरे, म्हणून घराचे अक्षर बाराव्या अक्षराच्या पुढे जाऊच शकत नाही. बनावट तिकिटांवर मात्र ते गेले होते. ठसा कोरणाऱ्याने अक्षरे सुबक कोरली, पण त्यांचा अर्थ त्याला ठाऊक नव्हता. वाड्याला नसलेल्या खोलीचा पत्ता पाकिटावर घालावा, तसा हा प्रकार झाला.

सरकारला फसविणाऱ्याला नक्कल फक्त घाईतल्या कारकुनाच्या नजरेतून पार पडावी एवढेच हवे असते. हा प्रकार जुन्या काळातच संपला असे मात्र नाही. महाराष्ट्राने बनावट मुद्रांकांचा मोठा घोटाळा या शतकाच्या आरंभी पाहिलेला आहे.

दुसरा प्रकार संग्राहकाला फसविण्याचा. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तिकिटे जमविण्याचा छंद युरोपभर पसरला, आणि दूरदूरच्या लहान देशांच्या तिकिटांना मागणी आली. मागणी मोठी आणि माल थोडा, तेव्हा हँबुर्गच्या स्पिरो बंधूंनी शिळाछापावर नकला छापल्या. त्यांवर टपालाचा खोटा शिक्काही ते छापूनच देत! जिनीव्हाच्या फ्रांस्वा फूर्निए याने तर आपल्या मालाला 'प्रतिकृती' असे नाव देऊन उघड दुकान थाटले. या साऱ्यांना मागे टाकणारा झां द स्पेराती हा इटलीत जन्मलेला आणि फ्रान्सात राहिलेला गृहस्थ. १९४२ साली त्याचे एक पाकीट फ्रेंच सरहद्दीवर अडविण्यात आले. मौल्यवान तिकिटे परवान्यावाचून देशाबाहेर धाडल्याचा आरोप त्याच्यावर आला, आणि तज्ज्ञांनी ती तिकिटे अस्सल असल्याचा निर्वाळाही दिला. तेव्हा स्वतःला वाचविण्यासाठी त्याला सांगावे लागले की ही अस्सल नव्हेत, ही मी केलेली आहेत! पुढे त्याचा साठा ब्रिटिश तिकीटसंग्राहकांच्या संघाने विकत घेतला, तो बाजारात पसरू नये म्हणून.

स्पेरातीची युक्ती आपण समजून घेतली पाहिजे. तो त्याच काळचे, त्याच देशाचे एखादे स्वस्त तिकीट घेई, त्यावरील छपाई रसायनांनी उडवी, आणि त्या कोऱ्या कागदावर महाग तिकिटाचे चित्र छापी. म्हणजे कागद खरा, जलचिन्ह खरे, कडेची छिद्रे खरी, पुष्कळदा शिक्काही खरा, आणि खोटी फक्त मधली छपाई. दहा लक्षणांपैकी नऊ जुळली म्हणजे दहावेही जुळेल असे गृहीत धरणाऱ्यासाठी हा सापळा होता.

आता आपल्या चार उदाहरणांकडे वळू.

धारचे तिकीट मला सर्वांत बोलके वाटते. १८९७ साली पवारांच्या धार संस्थानाने तिकिटे काढली, ती छापखान्यातील साध्या खिळ्यांनी जुळवून. देवनागरी अक्षरे, भोवती नक्षीची चौकट, आणि किमतीप्रमाणे रंगीत कागद: अर्धा पैसा तांबड्यावर, एक आणा हिरव्यावर, दोन आणे पिवळ्यावर. कडेला छिद्रे नाहीत. तिकिटे कात्रीने कापावयाची. एवढे साधे तिकीट कोणत्याही छापखान्याला छापता येईल, हे दरबारालाही ठाऊक होते. म्हणून विकण्यापूर्वी तिकिटावर लंबगोल काळा शिक्का हाताने मारला जाई. शिक्का उमटला की तिकीट चलनी झाले. आपल्या जुन्या कागदपत्रांशी परिचय असलेल्यांना यात नवीन काही दिसणार नाही. पत्राच्या माथ्यावर शिक्का आणि मजकूर संपतो तेथे मोर्तब, म्हणजे पुढे कोणाला ओळ घुसडता येऊ नये, ही मराठी दप्तराची जुनी रीत. धारच्या तिकिटात ती इवल्याशा जागेत उतरलेली दिसते.

या तिकिटाची पारख कशी करावी? हाताने खिळे जुळविताना एकाच जुळणीतील दोन तिकिटे तंतोतंत सारखी होत नाहीत. कोठे अक्षर गळते, कोठे रेघ अधिक पडते, कोठे खिळ्याचा टवका उडालेला असतो. या चुका त्या त्या घराच्या असतात आणि दर ताव्यात त्याच घरी पुन्हा येतात. म्हणून जाणकार पुष्कळ तिकिटे समोर ठेवून मूळ जुळणी पुन्हा मांडतात. मग एखादे तिकीट त्या जुळणीतील कोणत्याही घरात बसत नसेल, तर त्याला राहावयास घर नाही असे समजावे. गंमत अशी की येथे तिकिटाची चूक ही त्याच्या खरेपणाची साक्ष ठरते. नकला करणाऱ्याने एकच तिकीट समोर ठेवून नक्कल केली, तर त्याच्या सगळ्या तिकिटांवर एकाच घराची चूक उमटते. धारची ही स्वतंत्र तिकिटे १९०१ च्या मार्चअखेर बंद झाली. अवघ्या चार वर्षांचे हे आयुष्य, पण त्यानेच ती दुर्मिळ झाली आणि नकलेला पात्र ठरली.

इंदूरच्या होळकरांचा मार्ग निराळा होता. १८८६ साली त्यांनी लंडनच्या वॉटर्लो कंपनीकडून दुसऱ्या तुकोजीरावांचे चित्र असलेले अर्ध्या आण्याचे जांभळे तिकीट शिळाछापावर छापून घेतले. पागोट्याच्या बारीक घड्या आणि चेहऱ्यावरील छाया असलेले असे चित्र उठविणे साध्या छापखान्याला जमणारे नव्हते. परंतु १८८९ साली तात्पुरती गरज भागविण्यासाठी अर्ध्या आण्याचे साधे तिकीट गुलाबी कागदावर काळ्या शाईने हातशिक्क्याने उठविण्यात आले. त्याला छिद्रे नाहीत की चित्र नाही. बनावट करणाऱ्याने मेहनतीने तुकोजीरावांचे चित्र कोरण्याऐवजी या हातशिक्क्याकडे वळावे हे स्वाभाविकच आहे. राज्य जेथे घाईत असते तेथे चोराला फुरसत मिळते, हा नियम नाण्यांना लागू आहे तसा तिकिटांनाही आहे.

हातशिक्क्याच्या तिकिटात पाहावयाचे ते ठशाचे बारकावे. अस्सल ठसा एक असतो आणि तो झिजत जातो. त्यामुळे आधीचे ठसे स्पष्ट आणि नंतरचे बोथट अशी एक मालिका लागते. नकलेचा ठसा या मालिकेत कोठेच बसत नाही. शिवाय हाताने मारलेल्या ठशाचा दाब एका बाजूस अधिक पडतो आणि शाई कागदात मुरते. आजच्या यंत्राने काढलेली प्रत भिंगाखाली धरली तर रेघेऐवजी बारीक ठिपक्यांची रांगोळी दिसते. त्या काळी असे ठिपके पडण्याचे कारणच नव्हते. केवळ या एका परीक्षेने आजच्या बाजारातील पुष्कळ कचरा बाजूला होतो.

ग्वाल्हेरचे प्रकरण याहून अवघड. येथे मूळ तिकीट इंग्रज सरकारचे, त्यावरील राणीचे चित्र खरे, कागद खरा, जलचिन्ह खरे. संस्थानाचे म्हणून जे काही आहे ते फक्त वर छापलेले नाव, हिंदीत 'ग्वालियर' आणि इंग्रजीत तेच. सरकारी कामाच्या तिकिटांवर 'सरविस' हा शब्दही येतो. बनावट करणाऱ्याचे काम किती सोपे झाले पाहा! दोन पैशांचे साधे तिकीट घ्यावयाचे आणि त्यावर दोन शब्द छापावयाचे. म्हणून ग्वाल्हेरच्या तिकिटात राणीकडे पाहू नये, अक्षरांकडे पाहावे. आरंभीच्या छपाईत हिंदी शब्दाची लांबी दोन मापांची सापडते, एक तेरा ते चौदा मिलिमीटर आणि दुसरे पंधराच्या किंचित पुढे. दोन्ही मापांच्या बाहेर गेलेला शब्द संशयास पात्र आहे. काही तिकिटांवर इंग्रजी नावातील 'ओ' च्या जागी 'सी' पडला आहे. ही खरी मुद्रणदोषाची तिकिटे महाग आहेत. अर्थात 'ओ' ची एक बाजू धारदार पात्याने खरवडली की 'सी' होतो. तेव्हा त्या जागी कागदाचे तंतू उठले आहेत काय हे तिरप्या उजेडात पाहावे.

याहून निर्णायक परीक्षा थरांची आहे. अस्सल तिकिटावर कोणत्या क्रमाने काय झाले? प्रथम तिकीट छापले, मग त्यावर संस्थानाचे नाव, आणि शेवटी पत्र टाकल्यावर टपालाचा शिक्का. म्हणून शिक्क्याची शाई नावाच्या वर असली पाहिजे. वापरलेल्या जुन्या तिकिटावर नंतर कोणी नाव छापले, तर नावाची शाई शिक्क्याच्या वर चढते. भिंगाखाली दोन रेघा जेथे एकमेकींना छेदतात तेथे हे दिसू शकते. ही परीक्षा तिकीटवाल्यांनी शोधून काढलेली नाही. कोऱ्या कागदावर आधी शिक्का मारून ठेवावयाचा आणि मागाहून सोयीचा मजकूर लिहावयाचा, हा वतनाच्या भांडणातील जुना डाव. आणि शिक्क्यावर अक्षर चढले आहे की अक्षरावर शिक्का, हे पाहणे ही त्यावरची जुनी तोड. ग्वाल्हेरची ही तिकिटे १९५० अखेर चालली. १ जानेवारी १९५१ पासून ती बाद झाली.

चौथे उदाहरण गोव्याचे. १ ऑक्टोबर १८७१ रोजी पोर्तुगीज हिंदुस्थानची पहिली तिकिटे निघाली. ती लिस्बनहून आली नव्हती. गोव्यातच कोरलेल्या ठशांनी ती छापली गेली, म्हणून संग्राहक त्यांना 'देशी' तिकिटे म्हणतात. राजाचे चित्र नाही, मुकुट नाही. वर टपालसेवा अशा अर्थाचे पोर्तुगीज शब्द, खाली वसाहतीचे नाव, मधे रेइसमधील आकडा. दहा रेइसचे काळे, वीसचे तांबडे, चाळीसचे निळे, शंभराचे हिरवे असे रंग होते. चौकटीचा ठसा एक आणि आकड्याचा ठसा निराळा, म्हणून कोठे आकडा तिरका बसतो, कोठे दोनदा उमटतो. ठसे पुन्हा पुन्हा कोरले गेले, आणि प्रत्येक वेळी पार्श्वभूमीच्या रेघांची संख्या आणि कडेची नक्षी बदलली. या रेघा मोजणे हे कंटाळवाणे काम आहे, पण गोव्याच्या तिकिटांचा इतिहास अशा रेघा मोजूनच लावला गेला आहे.

१८७७ नंतर मुकुटछाप तिकिटे आली. आणि १८८१ च्या सुमारास चलन बदलून तांगा व रुपयाची पद्धत आल्यावर जुन्या साठ्यावर नव्या किमतींचे आकडे छापण्यात आले. या आकडेछापांच्या नकला विपुल आहेत, आणि त्यांना ग्वाल्हेरचीच परीक्षा लावावयाची.

गोव्याने आपल्यापुढे आणखी एक कोडे ठेवले आहे, ते पुनर्मुद्रणाचे. पोर्तुगीज सरकारने आपल्या वसाहतींची मुकुटछाप तिकिटे चलनातून गेल्यावर पुढे पुन्हा छापली. ठसा अस्सल, छापणारे सरकार अस्सल, पण ते तिकीट कधी कोणत्याही पत्रावर लागण्यासाठी छापलेले नव्हते. त्याला बनावट म्हणावे काय? माझ्या मते म्हणू नये, पण अस्सलही म्हणू नये. नाना फडणविसांच्या पत्राची इंग्रजी अमदानीत दप्तरखान्यात काढलेली खरी नक्कल असते, तसे हे आहे. ती नक्कल म्हणून प्रामाणिक आहे. मूळ म्हणून विकली तर लबाडी होते. १९०५ च्या पुनर्मुद्रणाचा कागद किंचित सायीच्या रंगाचा, डिंक पांढरा व चकचकीत, आणि कडेची छिद्रे स्वच्छ कापलेली, दोन सेंटिमीटरांत साडेतेरा या मापाची. जुन्या मालाच्या मानाने हे तिकीट फार नीटनेटके दिसते. जुन्या वस्तूच्या बाबतीत अति नीटनेटकेपणा हेच पुष्कळदा संशयाचे पहिले कारण असते.

या चार उदाहरणांतून जी रीत निघते ती अशी. प्रथम कागद पाहावा, मग छपाईची पद्धत, मग कडा आणि डिंक, मग ठशाचे बारकावे, मग शिक्का, आणि शेवटी या सर्वांचा एकमेकांशी आणि इतिहासाशी मेळ. शेवटची पायरी सर्वांत महत्त्वाची आणि तिला भिंग लागत नाही, वाचन लागते. धारचे तिकीट संस्थानाबाहेर चालत नव्हते हे ज्याला ठाऊक आहे, त्याला केवळ धारचे तिकीट लावून मुंबईस पोचलेले पाकीट दाखविले, तर तो लगेच विचारील की इंग्रजी तिकीट कोठे आहे? याच्या उलट गोव्याहून मुंबईस आलेल्या त्या काळच्या काही पाकिटांवर पोर्तुगीज आणि ब्रिटिश हिंदी अशी दोन्ही तिकिटे सापडतात. ती पाहून अनभिज्ञ माणूस शंका घेईल, पण जाणता आनंदित होईल.

एक सावधगिरीची सूचना येथे देतो. परीक्षा घेताना वस्तूच नष्ट करू नये. जम्मू-काश्मीरची पहिली तिकिटे पाण्यात कालविलेल्या रंगांनी हाताने छापली होती; ती पाण्यात भिजविली तर रंगच धुऊन जातो. तांबड्या 'सिंध डाके'चा ठसा ठिसूळ लाखेवर उठविला होता. त्यांतील अखंड तिकिटे म्हणूनच फार थोडी उरली. शंका फेडण्याच्या नादात साक्षीदाराचा जीव जाता कामा नये.

मराठी इतिहाससंशोधनात हे सारे नवे नाही, असे मी म्हणतो ते याचसाठी. राजवाड्यांनी १८९८ साली 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' प्रसिद्ध करण्यास आरंभ केला, १९१० साली पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळ उभे राहिले, आणि ग. ह. खरे यांच्यासारख्या पंडितांनी कागद, शाई, मोडीचे वळण, कालगणना आणि शिक्के यांवरून अस्सल-बनावट ठरविण्याचे शास्त्र मराठीत रुजविले. जुन्या पत्राच्या पाठीवर 'सुरू सूद', 'बार सूद' असे दप्तरी शेरे असतात. पत्र कोणत्या दप्तरातून गेले याची ती नोंद. खोटी सनद करणारा मजकूर सजवितो आणि हे क्षुद्र शेरे विसरतो. पाकिटाच्या पाठीवरील पोचल्याचा शिक्का हे त्याच शेऱ्याचे नवे रूप आहे, आणि बनावट पाकीट करणाराही नेमका तोच विसरतो.

आता कोणी म्हणेल, यात बिघडले काय? एखाद्या हौशी श्रीमंताने खोट्या तिकिटाला हजार रुपये मोजले तर ते त्याचे नुकसान. समाजाचे काय गेले? याचे उत्तर आपल्याच मुलुखात आहे. जव्हार-मोखाड्याच्या डोंगरात वारली, कोकणा, कोळी आणि ठाकूर पिढ्यान्‌पिढ्या राहत आले; पण त्यांच्या जीवनाविषयी लिहिलेला कागद किती थोडा आहे! जेथे कागद विपुल तेथे एक खोटा निघाला तर शंभर खरे त्याला खोडून काढतात. जेथे कागदच विरळ, तेथे एक खोटा कागद सगळा इतिहास वाकवू शकतो. समजा, एखाद्याने जुन्या खऱ्या पत्रावर खोटा शिक्का उठविला आणि त्यात वांगणीसारख्या एखाद्या गावाचे नाव घातले. उद्याचा संशोधक त्यावरून लिहील की अमुक साली त्या गावी टपालघर होते, मग रस्ता होता, मग वाचणारे लोक होते. एका शिक्क्यावर असा हवेतला वाडा उभा राहील. विकणाऱ्याला त्याचे पैसे एकदाच मिळतील, पण ती चूक मात्र पुस्तकापुस्तकांतून चालत राहील.

खोटे घुसडण्याइतकेच नुकसान खरे फेकून देण्याने होते, आणि ते आपण निष्पापपणे करतो. जव्हारने टपाल तिकीट काढले नाही, हे मी आरंभी सांगितले. म्हणून जव्हारचा टपालाचा इतिहास तिकिटांत सापडावयाचा नाही. तो शिक्क्यांत आहे, पत्त्यात आहे, पाकिटाच्या पाठीवर आहे. पंचम जॉर्जचे एक आण्याचे तिकीट बाजारात चणेफुटाण्यांच्या भावाने मिळते. पण त्याच तिकिटावर आणि पाकिटावर मिळून स्पष्ट उमटलेला जव्हारचा शिक्का, तारखेसह, हा पुरावा आहे. मुलाच्या वहीसाठी आपण तिकीट कापून घेतो तेव्हा शिक्क्याचा अर्धा भाग तिकिटाबरोबर जातो, अर्धा पाकिटाबरोबर केराच्या टोपलीत. राहते ते जगात लाखोंनी असलेले तिकीट, आणि जाते ते एकुलते एक असलेले पत्र.

तेव्हा माझी आपणास विनंती एवढीच आहे. घरी माळ्यावर, फडताळात, देवघराच्या पेटीत जुनी पत्रे असतील, मनीऑर्डरच्या पावत्या असतील, कोर्ट फी तिकिटांसह जुने अर्ज असतील. ते कापू नका, भिजवू नका, चिकटपट्टीने जोडू नका. कोरड्या जागी सपाट ठेवा आणि कोणत्या घरातून, कोणाकडून आले ते वेगळ्या कागदावर लिहून सोबत ठेवा. ती टिपणसुद्धा पुढे पुरावा होईल, कारण वस्तू कोठून आली हे ठाऊक असणे ही पारखीची अर्धी लढाई आहे. बनावट वस्तूला नेहमी सुंदर रूप असते. नसते ते घराणे.

आणि परीक्षा करताना तीन टोपल्या जवळ ठेवा. एक अस्सलाची, एक बनावटाची, आणि तिसरी निर्णय राखून ठेवलेल्यांची. नवशिक्याची तिसरी टोपली रिकामी असते. त्याला सगळे लगेच समजते. अनुभव वाढतो तशी ती टोपली भरत जाते, आणि तिच्यातील एखादी वस्तू पुष्कळ वर्षांनी नवा पुरावा मिळून पहिल्या टोपलीत जाते. आपल्याला जे खरे असावे असे वाटते, त्याची परीक्षा अधिक कडक घ्यावी, हे तिकिटांच्या बाबतीत खरे आहे, आणि इतिहासाच्या बाबतीत तर त्याहून खरे आहे. आपल्या गावाचा, आपल्या घराण्याचा, आपल्या जातीचा गौरव सांगणारा कागद हाती आला की भिंग बाजूला ठेवण्याचा मोह होतो. नेमक्या त्याच वेळी ते हाती घ्यावयाचे असते.